बातमीची पंगत

भोपाळात राहूनही आम्ही बरखेड्याची माणसे ‘कुठले?’ या प्रश्नाला ‘भेलचे’ असेच उत्तर देतो. शहर ते तलावांचे आणि जुन्या दरवाजांचे. आमचे आपले कारखान्याभोवती वसवलेले, सरळ रस्त्यांचे आणि एकसारख्या क्वार्टरांचे गाव. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स या नावाने कंपनी निघाली, पुढे १९७४ साली ती भेलमध्ये सामावली, आणि या कारखान्याच्या निमित्ताने पिपलानी, गोविंदपुरा, बरखेडा येथे केरळपासून पंजाबपर्यंतची कुटुंबे येऊन राहिली. त्यांत आमचे वडील अमरावतीकडचे. घरात वऱ्हाडी, अंगणात हिंदी, शाळेत हिंदी आणि देवघरात पुन्हा मराठी, असा आमचा दिवस जाई. सरहद्दीच्या मुलुखातल्या आपल्यासारख्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

अशा ठिकाणी आपल्या भाषेतल्या बातमीला एक वेगळीच चव असते. माझ्या लहानपणी हिंदी वृत्तपत्र सकाळीच दारात पडे. मराठी वृत्तपत्र नागपूरहून गाडीने येई, ते एक दिवसाचे शिळे. चार घरांत मिळून एकच घेतले जाई. त्या वाचनाला पंगतीची शिस्त होती. आधी वडीलधारे, मग आम्ही मुले, शब्दकोडे सर्वांत शेवटी शेजारच्या काकूंकडे. अग्रलेख कुणीतरी मोठ्याने वाची, आणि त्यावर कारखान्याचा भोंगा होईपर्यंत वाद चाले. बातमी शिळी असे, पण वाढली जाई ती ताजी करून.

म्हणून आमच्या वसाहतीतल्या मराठी मंडळींनी दहा वर्षांपूर्वी फोनवर बातम्यांचा एक गट काढला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. जुनी पंगत पुन्हा बसली असे वाटले. निवृत्त फोरमन, बँकेतल्या ताई, दवाखान्यातल्या परिचारिका, पुण्याला नोकरी करणारी पोरे, सगळी त्यात. कुणी विदर्भातल्या पावसाची खबर देई, कुणी पाणी कधी जाणार ते कळवी, कुणी एखादा उत्तम लेख पाठवी. कुणाला रक्त हवे म्हटले की अर्ध्या तासात तीन माणसे दवाखान्याच्या दारात उभी. माझ्या शाळेतल्या मुलांसाठी जुनी पुस्तके हवीत असे मी एकदा लिहिले, तर रविवारी दोन पोती पुस्तके आली. हे सगळे खरे आहे, आणि त्या गटाविषयी पुढे जे लिहिणार आहे त्यामुळे ते खोटे ठरत नाही.

पण हळूहळू एक गोष्ट लक्षात येऊ लागली. पंगतीत वाढपी वाढत चालले होते आणि स्वयंपाकघरात कुणीच नव्हते. बातमी कुठे शिजली, कुणी शिजवली, चाखून कुणी पाहिली, हे विचारण्याची पद्धतच उरली नाही. ‘आली म्हणून पाठवली’ एवढेच उत्तर. वसाहतीतल्या नळाला दोन दिवस गढूळ पाणी आल्याची खबर कुणी दिली तर एखादाच अंगठा उठे. कुठल्याशा देशाने आपल्या देशापुढे गुडघे टेकले अशी बिनबुडाची बातमी आली की हात जोडण्याची रांग लागे. जे आवडे ते वर येई आणि जे उपयोगाचे ते खाली बुडे.

मग २०१८ चा जुलै महिना आला. त्या महिन्याच्या पहिल्याच तारखेला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी, आठवडी बाजाराच्या दिवशी भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने मुले पळवणारे समजून ठार मारले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे ही अफवा त्या भागात फोनवरून आधीच फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आमच्या गटात राईनपाड्याची बातमीही आली होती. ‘भयंकर’, ‘काय हे’, असे सगळ्यांनी लिहिलेही होते.

त्यानंतर तीन आठवडेही झाले नसतील. एका सकाळी गटावर एक छायाचित्र आले. विजय मार्केटच्या बाजूने सायकलवरून फिरणारा, चाकू-कात्र्यांना धार लावून देणारा एक वयस्क माणूस. सायकल स्टँडवर उभी करायची, पायडल मारले की पुढचा दगड फिरायचा, ठिणग्या उडायच्या आणि शाळेची पोरे भोवती जमायची. गेली बारा-तेरा वर्षे मी त्याला शाळेच्या फाटकाशी पाहत होतो. छायाचित्राखाली लिहिले होते की हा माणूस मुलांना ठिणग्या दाखवून भुलवतो आणि बरखेड्यात त्याची टोळी फिरते आहे. सर्वांनी सावध राहावे.

मजकूर मी दोनदा वाचला. तो मूळ हिंदीतला होता, कुठल्या तरी दुसऱ्याच राज्यातला, आणि तो मी आधी दुसरीकडे वाचलेलाही होता. कुणीतरी तो मराठीत आणून गावाचे नाव बदलले होते आणि वर हे छायाचित्र चिकटवले होते. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती आपल्यासारख्यांनाच कळेल. हिंदीतून आलेली तीच अफवा आमच्या लोकांनी कदाचित हसून सोडून दिली असती. मराठीतून आली म्हणून ती ‘आपल्या माणसाने सांगितलेली’ झाली. परमुलुखात भाषेवर आपण जो विश्वास टाकतो तो आईवर टाकावा तसा असतो, तपासून पाहण्याचा विचारही मनात येत नाही.

मी तिथल्या तिथे लिहिले, ‘हा माणूस माझ्या ओळखीचा आहे. बारा वर्षांपासून शाळेसमोर बसतो. मजकूर खोटा आहे, कृपया पुढे पाठवू नये.’ खाली माझे नाव आणि हुद्दा लिहिला. त्यावर दोन अंगठे आले. छायाचित्र तोवर दुसऱ्या किती गटांत गेले होते, देव जाणे. दुपारी गोविंदपुऱ्याकडे काही तरुणांनी त्याला अडवले. कानशिलात मारल्या, सायकल आडवी पाडली, धारेचा दगड फुटला. एका पानवाल्याने पोलिसांना बोलावले म्हणून तो वाचला. संध्याकाळी त्याला ठाण्यातून सोडले, आणि मी पोचलो तोवर तो निघून गेला होता. तो पुन्हा बरखेड्यात आला नाही.

मला धक्का बसला तो या घटनेचा नव्हे, तिच्यानंतरच्या सकाळचा. गटावर नेहमीप्रमाणे गुलाबाची फुले आणि सुप्रभात. काल काय झाले याबद्दल एक ओळ नाही. ज्यांनी मजकूर टाकला होता ते एक निवृत्त काका, अतिशय सज्जन, कुणाच्याही अडचणीला धावणारे. त्यांना मी घरी जाऊन सांगितले. ते म्हणाले, “सर, मी कुठं तयार केलं होतं? मला आलं, मी सावध केलं. खोटं निघालं तर उत्तमच की!”

‘खोटं निघालं तर उत्तमच’ हे वाक्य मी पुढे किती दिवस मनात घोळवत होतो. उत्तम कुणासाठी? खोट्या इशाऱ्याची किंमत कुणीतरी भरतच असते. ती इशारा देणारा भरत नाही, पुढे पाठवणारा भरत नाही. ज्याला त्या पंगतीत पाटही मिळालेला नसतो तो भरतो.

हा आपल्या अर्ध्या शिकलेल्या लोकांचा दोष, असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. अमेरिकेत वाचकांनीच बातम्या सुचवायच्या आणि वाचकांनीच मते देऊन त्या वर-खाली करायच्या, अशी ठिकाणे या शतकाच्या आरंभी निघाली. ‘डिग’ २००४ मध्ये, ‘रेडिट’ २००५ मध्ये. संपादकाची मक्तेदारी संपली, आता लोकच संपादक, असा त्यामागचा मोठा उत्साह होता. डिगने २०१० मध्ये आपली रचना बदलली, वाचक रागावून दुसरीकडे गेले आणि २०१२ मध्ये ते विकले गेले. रेडिट टिकले. पण एप्रिल २०१३ मध्ये बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले तेव्हा तिथल्या उत्साही मंडळींनी स्वतःच गुन्हेगार शोधायला घेतला आणि भारतीय वंशाच्या एका बेपत्ता विद्यार्थ्यावर बोट ठेवले. तो निर्दोष होता. काही दिवसांनी त्याचा मृतदेह नदीत सापडला. मुलाच्या शोधात आधीच खचलेल्या कुटुंबाला वर हा आरोप सोसावा लागला. रेडिटने जाहीर माफी मागितली. ही सगळी चांगली शिकलेली, संगणक जाणणारी माणसे होती.

आणि दोष नुसत्या यंत्राचाही नाही. डिसेंबर १९८४ मध्ये मी नववीत होतो. वायुगळतीच्या त्या रात्री आमचा भाग मुख्यतः वाचला, पण नंतरचे दिवस आठवतात. ‘टाकी पुन्हा फुटली’ अशी आवई उठे आणि लोक मिळेल त्या वाहनाने पळत सुटत. १६ डिसेंबरला कारखान्यात उरलेले विषारी रसायन वापरून संपवण्याचे काम सुरू झाले, त्याआधीच कितीतरी घरांना कुलपे लागली होती. तेव्हा हातात कुणाच्याही फोन नव्हता. अफवेला पाय लागतातच.

त्याच शहरात खरी बातमी दोन वर्षे आधी छापून आली होती, हे मात्र फार थोड्यांना आठवते. राजकुमार केसवानी या पत्रकाराने ‘रपट’ नावाच्या आपल्या छोट्या साप्ताहिकात १९८२ मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्याबद्दल एकामागून एक इशारे दिले. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जिन वायूने एक कामगार दगावला होता. त्यानंतर केसवानींनी कामगारांना भेटून, अहवाल मिळवून ते लिहिले होते. १९८४ च्या जूनमध्ये त्यांनी ‘जनसत्ता’तही लिहिले. कुणी मनावर घेतले नाही. २०२१ मध्ये ते वारले. मते घेऊन बातम्यांचा क्रम ठरवला असता तर ती बातमी तेव्हाही तळाशीच राहिली असती. खरी बातमी बहुधा कंटाळवाणी असते, नाहीतर नकोशी असते.

मग फरक कशात? मला वाटते, नावात. वृत्तपत्राच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे असतात. ती ओळ कुणी वाचत नाही. पण १८६७ च्या कायद्यापासून ती बंधनकारक आहे, आणि तिचा अर्थ एवढाच की या छापलेल्या मजकुराची किंमत भरायला एक माणूस नावानिशी उभा आहे. टिळक आणि आगरकरांनी कोल्हापूरच्या दिवाण बर्व्यांविरुद्धची पत्रे विश्वासाने छापली. ती बनावट निघाली. त्यांनी माफी मागितली, तरी १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली आणि दोघे डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. हेतू शुद्ध होता. तरी किंमत त्यांनी भरली. ‘आम्हाला आली, आम्ही छापली’ असे म्हणून ते घरी बसले नाहीत.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर मी गटातून निघालो. रागाने नव्हे, निरोप लिहून निघालो. पुढे २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, याच गटाने ऑक्सिजनच्या टाक्या मिळवून दिल्या, डबे पोचवले. तेव्हा कुणीही निनावी नव्हते. टाकी घेऊन जाणारा माणूस दारात उभा राही. मीही फोन करून त्या कामात होतो. माणसे वाईट नव्हतीच. वाईट होती ती सोय, बोलल्याची जबाबदारी न घेता बोलता येण्याची.

शाळेत प्रार्थनेनंतर रोज एक विद्यार्थी बातम्या वाचतो. मी एक छोटा नियम घातला: बातमी कुठून मिळाली ते सांगायचे आणि फळ्यावर तिच्याखाली स्वतःचे नाव लिहायचे. सातवीतली एक मुलगी म्हणाली, “सर, खबर गलत निकली तो?” मी म्हटले, “तो कल यहीं खड़े होकर बता देना.” दोन वर्षांत तिघांनी तसे उभे राहून सांगितले. पोरांनी त्यांना टाळ्या दिल्या. पहिल्यांदा मला नवल वाटले, आता वाटत नाही.

गेल्या गणपतीत ते काका आरतीनंतर भेटले. प्रसादाचा द्रोण हातात, बराच वेळ प्रकृतीचे, मुलांचे बोलत राहिले. मग म्हणाले, “सर, तो धारवाला कुठं दिसतो का हो तुम्हाला? कधी दिसला तर मला सांगा.”

मी नाही म्हणालो. ते तसेच उभे राहिले. “आमच्याकडची विळी...” एवढे बोलले आणि पुढचे वाक्य त्यांनी पुरे केले नाही.