नवीन पोपट

आमच्या घरी पुस्तके नव्हती. टेपरेकॉर्डर मात्र होता. आबांनी ऊसतोडीच्या पैशांतून घेतलेली, ‘नवीन पोपट हा’ गाण्याची कॅसेट अजून फडताळात आहे. १९८० च्या दशकात याच गाण्याने प्रल्हाद शिंद्यांचा मुलगा आनंद घरोघरी पोचला. शब्द थट्टेचे, पण गळा बापासारखाच खडा! कर्जतला गोदड महाराजांच्या यात्रेत पाळण्याशेजारी मी ते कितीदा ऐकले. तरी कॉलेजात कुणी आवडता गायक विचारला, तेव्हा मी भीमसेन जोशींचे नाव सांगितले. खरे तर मला एकही राग ओळखता येत नाही. संध्याकाळी घरी आलो, तर आबा कॅसेटची सुटलेली फीत पेन्सिलीने गुंडाळीत बसले होते. म्हणाले, “जरा धर रे.” मी धरली.