जिलबीला किती वाढायचं?

शनिवारी संध्याकाळी आउटपासच्या रजिस्टरमध्ये मी 'शिळफाटा' लिहिलं की कुणीतरी विचारतंच, "कल्याणजवळचा का गं?" नाही हो. आमचा शिळफाटा खोपोलीचा, जिथून पालीचा रस्ता फुटतो तो. तिथे माझी मावशी राहते. 'कारण' या रकान्यात मी 'घरगुती' असं लिहिते. ते घरगुती कारण म्हणजे जिलबी, आणि जिलबी म्हणजे साप.

मंडळी, घाबरू नका! तिला हॉस्टेलवर आणलेलं नाही आणि आणणारही नाही. जिलबी ही कॉर्न स्नेक आहे. मूळची उत्तर अमेरिकेतली जात, बिनविषारी, पूर्ण वाढल्यावर साधारण ३ ते ५ फूट. नारिंगी अंग, त्यावर लाल ठिपके, आणि वेटोळं घालून बसली की हलवायाच्या परातीतली जिलबीच. माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, ती मुंबईच्या एका ब्रीडरकडून रीतसर पावती घेऊन आणली होती. जुलै २०२४ मध्ये दादा एम. एस. करायला जर्मनीला गेला. तेव्हा जिलबी पेन्सिलीएवढी जाड आणि वजनाने १४ ग्रॅम होती. जाताना दादाने पेटीवर एक चिठ्ठी चिकटवली: "दर रविवारी खायला दे. जास्त नको."

जास्त म्हणजे किती? थर्ड इयर मेकॅनिकलच्या मुलीला असं स्पेसिफिकेशन देतात का?

माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, त्यामुळे 'वाढणे' या शब्दाचे दोन अर्थ मला उशिरा लक्षात आले. ताटात वाढणे आणि अंगाने वाढणे. मावशीच्या घरी या दोन्हींत फरक नाहीच. जेवढं वाढलं तेवढं लेकरू वाढतं, असा तिचा सरळ हिशेब. सापाच्या बाबतीत तो चुकतो, आणि कुठे चुकतो हे शोधण्यात माझं अख्खं सेमिस्टर गेलं.

आधी मेनू सांगते. कॉर्न स्नेक मुख्यतः उंदीर खातो. "कॉर्न म्हणजे मका ना? मग चार दाणे टाकून बघू का?" मावशीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मक्याच्या कोठारात उंदीर येतात आणि उंदरांमागे हे साप येतात, म्हणून ते नाव, असं सांगतात. पोटावरची चौकटीची नक्षी रंगीत मक्याच्या कणसासारखी दिसते म्हणून, असंही सांगतात. काही असो, मका खात नाही. पाळीव सापांना मेलेले, फ्रोझन उंदीर देतात, कारण जिवंत उंदीर सापालाच चावू शकतो. त्यांची मापं ठरलेली असतात. केस न आलेलं पिल्लू म्हणजे पिंकी, साधारण २ ते ३ ग्रॅम. जरा लव आलेलं म्हणजे फझी. उड्या मारायला लागलेलं म्हणजे हॉपर. दादाने यासाठी एक छोटा वेगळा फ्रीज घेऊन ठेवलाय, नाहीतर मावशीने आम्हा तिघांनाही घराबाहेर काढलं असतं. कोमट पाण्यात पिंकी सोडायची, आतपर्यंत मऊ झाली की पुसून चिमट्याने समोर धरायची. मग हात साबणाने स्वच्छ धुवायचे, कारण सापांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो.

आता किती, हा प्रश्न. सर्वसाधारण नियम दोन. एक, उंदीर सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढा किंवा दीडपट जाड असावा. दुसरा, उंदराचं वजन सापाच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावं. पिल्लाला हे ५ ते ७ दिवसांनी, मोठ्याला १० ते १४ दिवसांनी. माझं तर अंतर ठरलेलंच, कारण मी फक्त शनिवार-रविवारी शिळफाट्याला. ७ दिवस हा कॉन्स्टंट, बदलता येतो तो फक्त उंदीर.

तुम्ही म्हणाल, सोपं आहे, पोट भरलं की थांबेल. तिथेच तर गोम आहे! मेसमध्ये गुलाबजाम असले तरी दहाव्याला आपला हात थांबतो. जिलबीचा थांबत नाही. तिला एक पिंकी दिली की ती गिळते आणि मान वर करून दुसरीकडे बघते. दुसरी दिली तर तीही घेईल. कंट्रोल सिस्टिम्सच्या भाषेत सांगायचं तर भुकेचा सेन्सर कायम 'हो' असं रीडिंग देतो. असा सेन्सर असून नसल्यासारखा.

असं का, हे मला गेल्या पावसाळ्याच्या शेवटी कळलं. आपल्या हॉस्टेलच्या मागे गवत कापताना धामणीचं एक पिल्लू निघालं. धामण आणि कॉर्न स्नेक एकाच कुळातले, दोघेही उंदीरखाऊ. "जिलबीला भाऊ आणला!" म्हणून मुलं ते बरणीत ठेवायला निघाली होती. नाही ठेवता येत. आपल्याकडचे साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, पाळणं गुन्हा आहे. सर्पमित्राला फोन केला, त्यांनी ते नेऊन सोडलं. जाता जाता ते म्हणाले, "याला आज मिळालं तर पुढचं कधी मिळेल ते माहीत नसतं. मिळेल ते खायचं." धामणीचं रेशन पाऊस ठरवतो, भाताचं शेत ठरवतं, नशीब ठरवतं. कधी महिनाभर काही नाही. तिच्या शरीराला 'पुरे' म्हणायची वेळच फारशी येत नाही. पेटीतल्या सापाला मात्र दर रविवारी मिळतं, न चुकता, आणि भूक जंगलातलीच. म्हणून पाळीव साप उपाशी राहून मरण्यापेक्षा लठ्ठ होण्याचीच भीती जास्त. काही लोक लवकर मोठा व्हावा म्हणून मुद्दाम ठासून खायला घालतात. लांबी वाढते, पण चरबी लिव्हरवर चढते.

तोंड खरं सांगत नाही, मग दुसरा सेन्सर शोधायचा. मी सोनारांकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घेतला. दर रविवारी खाण्याआधी, रिकाम्या पोटी, डब्यात घालून वजन. शिवाय अंगाचा आकार. नीट पोसलेल्या सापाचा छेद पावासारखा, खाली सपाट आणि वर गोल. कणा वर येऊन त्रिकोणी दिसला तर कमी पडतंय. जेवण पचल्यावरही खवल्यांमधली कातडी दिसत राहिली तर जास्त होतंय. वहीत तारीख, वजन, काय दिलं, काय झालं, सगळं. 'काय झालं' म्हणजे शी. हसू नका, यातला सगळ्यात विश्वासू डेटा तोच.

या वहीतून एक गोष्ट कळली. साप वाढतो तसं जेवण वाढवायचं, पण तेवढ्याच प्रमाणात नाही. मॅक्स क्लायबरने १९३२ साली दाखवलं की प्राण्याची ऊर्जेची गरज वजनाच्या पाऊण घाताने वाढते. वजन आठपट झालं तर गरज आठपट होत नाही, पावणेपाचपटीच्या आसपास होते. त्याची आकडेमोड उष्ण रक्ताच्या प्राण्यांवरची होती. सापांचा घातांक थोडा वेगळा असेल, पण दिशा तीच. म्हणजे १४ ग्रॅमच्या जिलबीला जे १५ टक्के योग्य, ते ९० ग्रॅमच्या जिलबीला दर रविवारी जास्तच.

मावशीला क्लायबर सांगून उपयोग नव्हता. दादा गेल्यापासून ती रोज रात्री व्हिडिओ कॉलवर एकच प्रश्न विचारते, "जेवलास का? काय जेवलास?" दादा ब्रेड दाखवतो. कॉल संपला की ती जिलबीच्या पेटीसमोर जाऊन बसते, आणि मग हॉस्टेलवर मला फोन. "अगं, काचेला नाक लावून बघतेय माझ्याकडे. भूक लागली असेल." मी म्हणते, "मावशी, ती कायम तशीच बघते." ९ ऑगस्टला नागपंचमी होती. मावशीचा फोन लॅबमध्येच आला, दुधाचं बोट लावू का म्हणून. साप दूध पचवू शकत नाही. दूध पिणारा नाग दाखवतात तो आधी पाण्यावाचून ठेवलेला, तहानलेला असतो. मावशी जरा वेळ गप्प झाली. मग तिने चांदीच्या वाटीत स्वच्छ पाणी ठेवलं. जिलबी प्यायली, आणि त्या वर्षीची नागपंचमी दोघींना लाभली.

गणपतीत मात्र खरा पेच आला. ७ सप्टेंबरला, शनिवारी, दीड दिवसाचे बाप्पा बसले आणि रविवारी जिलबीचं जेवण. मखरात बाप्पाच्या पायाशी उंदीर, बाप्पाच्या कमरेला साप, आणि मी आतल्या खोलीत चिमट्यात उंदीर धरून सापापुढे! मावशीने हात जोडले, "आज नको गं बाई." आणि आज नको म्हटल्याने काही बिघडत नव्हतं. एक-दोन दिवस उशीर सापाला कळतसुद्धा नाही. विसर्जनानंतर सोमवारी पहाटे, बस गाठायच्या आधी, तिला दोन पिंक्या दिल्या. आरतीनंतर मावशीने मला मोदक खाऊन पोट फुटलेल्या बाप्पाची गोष्ट सांगितली होती, साप बांधून पोट आवळलं ती. मी म्हटलं, "बघ, जास्त वाढलं की असं होतं." त्यावर माझ्या पानात आणखी एक मोदक पडला.

मग आला डिसेंबर. १५ तारखेला, रविवारी, जिलबी ४२ ग्रॅमची होती. तिला ५ ग्रॅमची फझी दिली, तिने झटक्यात घेतली, आणि मी रात्रीच हॉस्टेलवर परतले. त्या रात्री गल्लीतली वीज गेली ती सोमवारी दुपारी आली. शिळफाट्याला डोंगराखालची थंडी, आणि पेटीखालची हीट मॅट गार. साप स्वतःची उष्णता तयार करत नाही. उबदार कोपरा २८ ते ३० अंशांवर असेल तरच त्याचं पोट काम करतं. हे काम साधं नसतं. ब्रह्मदेशी अजगरांवर सेकोर आणि डायमंड यांचा १९९८ चा अभ्यास आहे. मोठं जेवण झालं की त्यांचं आतडं एक-दोन दिवसांत जवळपास दुप्पट वजनाचं होतं. वारंवार खाणाऱ्या जातींत हे इतकं टोकाचं नसतं, पण प्रत्येक जेवणाला कारखाना सुरू करावा लागतो आणि त्याला ऊब लागते. पोटात फझी आणि बाहेर थंडी, म्हणजे फझी तिथेच सडणार.

मंगळवारी सकाळी मावशीचा फोन. "जिलबीने सगळं बाहेर टाकलं गं." तिचा आवाज रडवेला होता.

दादाच्या ओळखीच्या व्हेटना फोन केला. ते म्हणाले, पाणी ठेवा, ऊब ठेवा, हात लावू नका आणि निदान दहा-बारा दिवस काहीही देऊ नका. उलटीबरोबर पाचक रस जातात, अन्ननलिका सोलवटते. लगेच दिलं तर परत बाहेर येतं, आणि दोन-तीनदा असं झालं तर एवढंसं पिल्लू वाचत नाही.

२२ डिसेंबरच्या रविवारी वजन ४० ग्रॅम. जिलबी भुकेली होती, खरोखरची, मान वर करून. फ्रीजमध्ये पिंक्या होत्या. मावशी दारात उभी. "दोन आठवडे पोटात काही नाही तिच्या. अर्धी तरी दे." मी नाही म्हटलं. मावशी काही बोलली नाही, स्वयंपाकघरात गेली. त्या दुपारी न विचारता माझ्या ताटात चौथी पोळी पडली आणि मी ती गपचूप खाल्ली.

२९ तारखेला ३९ ग्रॅम. त्या दिवशी सगळ्यात छोटी पिंकी दिली, २ ग्रॅमची, एकच. वीज गेलीच तर म्हणून मावशीने गरम पाण्याची पिशवी आणि जुनं ब्लँकेट पेटीशेजारी तयार ठेवलं. सोमवार गेला. मंगळवार गेला. गुरुवारी रात्री मी मेसच्या लाइनमध्ये ताट घेऊन उभी असताना फोन वाजला. मावशी ओरडत होती, "झाली! शी झाली!" मीही ओरडले, "शी झाली?" पुढच्या-मागच्या मुलींनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते जाऊ दे.

पुढच्या रविवारी पुन्हा छोटी पिंकी, त्याच्या पुढच्या दोन, आणि फेब्रुवारीत गाडी फझीवर आली. नंतर ९० ग्रॅम झाले तेव्हा अंतर १० दिवसांवर न्यायचं ठरलं. पण १० दिवस रविवारच्या हिशेबात बसत नाहीत. एकदा रविवार आला की पुढची पाळी बुधवारी, आणि बुधवारी माझं प्रॅक्टिकल. आठवडाभर उलटसुलट विचार करून शेवटी चिमटा मावशीच्या हातात दिला. गेल्या खेपेला गेले तेव्हा वहीत तिचं अक्षर होतं: "बुधवार. १ उंदीर, ९ ग्रॅम. संपवला. अजून मागत होती. दिला नाही."

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)