पहिली, दुसरी की तिसरी?

गेले आठ महिने आमच्या घरात जेवताना एकच विषय असतो : कॅमारो. मिशिगनमध्ये २४ वर्षं काढली की माणसाला बर्फ उपसायची सवय होते आणि जुन्या अमेरिकन गाड्यांचं वेड लागतं. पहिली गोष्ट नाइलाजानं, दुसरी आपखुशीनं.

तर मंडळी, घराचं कर्ज फिटलं, लेकीच्या कॉलेजचे पैसे बाजूला काढून झाले, आणि उरलेले ३० हजार डॉलर गाडीवर खर्च करायचे असं बायकोशी ठरलं. पण एकदाच. गाडी मनासारखी निघाली नाही तर विकून दुसरी आणायची सोय नाही. म्हणून हा सगळा काथ्याकूट.

मला गाडी हवी ती वळणांसाठी. इथे रविवारी मोकळ्या पार्किंगमध्ये नारिंगी शंकू मांडून, एकेकाला सोडून घड्याळ लावतात. त्याला ऑटोक्रॉस म्हणतात. मसल कारची ख्याती मात्र उलटी : सरळ रस्त्यावर धूर, वळण आलं की धांदल. ती सुधारता येते, पण किती पैशात, हे कोणत्या पिढीपासून सुरुवात करता त्यावर ठरतं.

पहिली पिढी १९६७ ते ६९ ची. काय देखणी गाडी! १९६८ आणि ६९ साली मार्क डोनोह्यूनं हिच्याच जोरावर ट्रान्स-ॲम अजिंक्यपद जिंकलं. त्या शर्यतीत इंजिन ५ लिटरपर्यंतच चालायचं, म्हणून शेवरोलेनं ३०२ घनइंची इंजिनाची झी-२८ काढली. पहिल्या वर्षी अवघ्या ६०२ विकल्या गेल्या. माझ्या संगणकाच्या पडद्यावर कित्येक वर्षं ६९ चीच होती.

पण खाली वाकून बघा. पुढचं चाक दोन दांड्यांनी धरलेलं असतं, वरची आणि खालची. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला झुकते, आणि तिच्याबरोबर चाकही बाहेर कलायला बघतं. सस्पेन्शन दाबलं जाताना वरच्या दांडीनं चाकाचा माथा आत ओढून घ्यायला हवा, म्हणजे टायर रस्त्यावर सपाट टेकेल. पहिल्या पिढीत वरच्या दांडीचा आतला टोकाचा खिळा उंच आणि चाकाकडचं टोक खाली. त्यामुळे सुरुवातीला माथा आत यायच्या ऐवजी चक्क बाहेर जातो! त्या काळच्या टायरांना ते खपून जायचं. आजचा रुंद रेडियल अशा वेळी नुसत्या कडेवर चालतो. डिक गुल्डस्ट्रँड नावाच्या शर्यतवाल्याच्या नावानं ओळखला जाणारा एक जुना उपाय आहे : भोकं नव्यानं पाडून तो खिळा खाली आणायचा. नाहीतर पुढची सगळी चौकटच नवी घ्यायची, म्हणजे आणखी हजारो डॉलर.

दुसरी पिढी फेब्रुवारी १९७० मध्ये आली आणि १९८१ पर्यंत चालली. दोन चाकांतलं अंतर तेच, १०८ इंच. पुढचं सगळं मात्र नव्यानं आखलेलं. डिस्क ब्रेक पहिल्यापासून. चाकं वळवणाऱ्या दांड्या चाकाच्या मध्यरेषेच्या मागून पुढे आल्या. याचा फायदा असा, की जोराच्या वळणात बुशांचं रबर दबलं तर बाहेरचं चाक किंचित सरळ होतं, गाडी अचानक आत झेपावत नाही. कागदावर क्षुल्लक वाटतं. शंकूंमध्ये हात घट्ट धरून बसलेल्या माणसाला विचारा! आणि 'आयरॉक' ही स्पर्धा, जिथे निरनिराळ्या शर्यतींतले अजिंक्यवीर एकसारख्या गाड्या चालवायचे, ती १९७४-७५ च्या मोसमापासून पोर्शे सोडून याच कॅमारोवर आली.

सांगलीहून दादाचा फोन : "अरे, जुनी घ्यायचीच तर निदान सुंदर तरी घे!" दादा, तू हे वाचणार म्हणून इथेच सांगतो. सुंदरच्या गंजलेल्या सांगाड्याच्या किमतीत दुसरीची चालती गाडी मिळते. एकट्या १९७९ मध्ये दोन लाख ८२ हजारांहून जास्त कॅमारो विकल्या गेल्या, त्यामुळे निवडीला वावही आहे.

तिसरी पिढी (१९८२ ते ९२) हलकी, आणि नुसता हिशेब केला तर बहुधा तीच घ्यावी. पण तिच्या पुढच्या स्ट्रटमध्ये मला फारसं काही बदलता येत नाही, आणि आतल्या प्लास्टिकवर काही केल्या जीव जडत नाही. असो.

निर्णय लागला तो लेकीमुळे. मी तिसऱ्यांदा तक्ता दाखवायला गेलो, तर न बघताच म्हणाली, "बाबा, तुम्हाला ती बघायचीय की चालवायचीय?" बघायची असती तर ६९. ते उत्तर तिला द्यायला मला दोन दिवस लागले, खोटं कशाला बोलू. पडद्यावरचं चित्र अजून तेच आहे.

मग न्यू मेक्सिकोतून १९७९ ची साधी कूपे आणली, झी-२८ नव्हे. रंग उन्हानं पार उडालेला, सीटांच्या चिंध्या, पण काचेखालचा पत्रा आणि चौकटीच्या बोल्टांची जागा ठणठणीत. इथल्या रस्त्यांवरच्या मिठात वाढलेली असती तर तिथेच हात आत गेला असता. ट्रेलरवरून उतरताना बायको एवढंच म्हणाली, "ही दुरुस्त केलेली आहे की करायची आहे?"

इंजिनाला तूर्त हात लावणार नाही. ५ लिटरच्या व्ही-८ मधून जेमतेम १३० अश्वशक्ती निघते, हे ऐकून ऑफिसातले तरुण हसतात. हसू देत. आधी बुश, स्प्रिंगा, शॉक, मग ब्रेक, मग उंच बॉल जॉइंट, मग टायर. सध्या पुढची चौकट उतरवून जुनं रबर खरवडणं चाललंय. लेकीनं उन्हाळ्याच्या सुट्टीत मदत करायचं कबूल केलंय. तासाचे २० डॉलर घेणार म्हणते.