गंज, रबर आणि आमची 800

प्रकटदिनाला अक्कलकोटला घरी गेलो होतो. गाव नेहमीसारखं बाहेरगावच्या गाड्यांनी भरलेलं. बाबांनी आमची गाडी बाहेर काढली, उतरले, दार लावलं... लागलंच नाही. मग दोन्ही हातांनी रेटलं तेव्हा कुठे लागलं. बाबा काहीच बोलले नाहीत. आई मात्र म्हणाली, "संक्रांतीला तू ते फवारून गेलास ना, तेव्हापासून असंच चाललंय."

तर झालं असं होतं. आमची मारुती 800 पंधरा वर्षांची होत आली. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, मग तपासणी करून पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावं लागतं. बाबांनी पीएफच्या पैशातून घेतलेली गाडी. आईला डोळे दाखवायला सोलापूरला न्यायचं, तर अजूनही हीच. त्यामुळे दारांच्या खालच्या कडेला गंज दिसल्यावर त्यांची झोपच उडाली.

मी म्हटलं, एवढंच ना? गंजरोधक स्प्रेचा कॅन मागवला आणि दारं उघडून सढळ हाताने मारला. रबराच्या बीडिंगवरही. म्हटलं, तेवढंच मऊ राहील! इंजिनियरिंगची डिग्री भिंतीवर लटकतेय आणि डबीवरच्या सूचना वाचायचे कष्ट नाहीत.

गॅरेजवाल्या मामांनी बीडिंग बोटांनी दाबलं. "काय मारलं बे ह्याला?" रबर फुगून पिलपिलीत झालं होतं, कोपऱ्यात खाचेतून सुटलं होतं.

मग रात्री वाचत बसलो. दाराचं बीडिंग बहुतेक ईपीडीएम नावाच्या रबराचं असतं. ऊन, पाऊस, ओझोन सगळं सोसतं, म्हणूनच तर ते वापरतात. पण त्याची जात हायड्रोकार्बनची, आणि खनिज तेलाचीही तीच. म्हणून ते तेल पितं आणि फुगतं. पेट्रोलच्या नळ्यांसाठी नायट्राइलसारखं वेगळं रबर लागतं ते ह्याचमुळे. बरेच गंजरोधक स्प्रे खनिज तेलाचे किंवा पेट्रोलियम सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेल्या मेणाचे असतात. घरातली पेट्रोलियम जेलीसुद्धा त्याच कुळातली. रबराला चालतं ते सिलिकॉन.

पण सोलापूरच्या कोरड्या हवेत गंज आला कुठून? काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आत उतरतं आणि तळाच्या बारीक भोकांतून बाहेर पडतं. आमच्या गाडीची ती भोकं धुळीने बुजली होती. पाणी आत साचून पत्रा आतून खात होतं. म्हणजे मी स्प्रे मारत होतो बाहेर, आणि बग होता आत. शिवाय फिक्स करताना शेजारचं चालू मोड्यूल मोडून ठेवलं ते वेगळंच!

दुसऱ्या दिवशी बाप-लेक कामाला लागलो. मामांनी नवीन बीडिंग बसवून दिलं होतं. आधी प्लॅस्टिकच्या काडीने भोकं मोकळी केली आणि दारं चांगली वाळू दिली. काचा पूर्ण वर घेतल्या. सगळ्या रबरावर मास्किंग टेप लावली. मग कॅनला बारीक नळी जोडून त्याच भोकांतून आतल्या शिवणींवर थोडा थोडा स्प्रे सोडला. भोकं पुन्हा बुजली नाहीत ना, ते पाहिलं. टेप काढल्यावर जिथे शिंतोडे दिसले तिथलं रबर लगेच साबणाच्या पाण्याने पुसलं आणि सुकल्यावर सिलिकॉनचा हलका हात फिरवला.

टेप लावताना बाबा म्हणाले, "मी दर रविवारी ते रबर ओल्या फडक्याने पुसायचो. तुला सांगणार होतो, पण तू एवढ्या हौसेने करत होतास..."

ह्यावर काय बोलणार?

तपासणी अजून व्हायचीय. सोमवारी ऑफिसात मीटिंगमध्ये असताना आईचा फोन आला. दार एका बोटाने लागतंय म्हणे. बाबांनी तिला तीनदा लावून दाखवलं!