नुसतं बसून राहा

गावात एखाद्याला ॲटॅक येऊन गेला, की त्याच्याशी बोलायची सगळ्यांची तऱ्हाच बदलते. कालपर्यंत पहाटे चारला मळ्यात मोटर चालू करायला जाणारा माणूस, बेळगावहून नाहीतर मिरजेहून 'स्प्रिंग' बसवून आला, की सोप्यातल्या कॉटवरचा पाहुणा होतो. मुलगा सांगतो, "आता काही करू नका." सून सांगते, "नुसतं बसून राहा." बघायला येणारे केळी आणि बिस्किटाचे पुडे आणतात, आणि जाता जाता कुणाला दुसरा झटका कसा आला, तेही सांगून जातात.

आमच्या थोरल्या भावजींचं असंच झालं. साठी ओलांडलेली, चार एकर ऊस, बस्तीतल्या प्रत्येक पूजेला पुढे. महिनाभरात घराने त्यांच्या हातातलं एकेक काम काढून घेतलं. उसाचा हिशेब मुलाकडे गेला, डेअरीचं पुस्तक सुनेकडे, कपाटाची किल्ली आक्कांकडे, म्हणजे माझ्या जाऊबाईंकडे. सगळं मायेपोटीच. माणूस मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेला. जेवण कमी झालं, चिडचिड वाढली. घरचे म्हणायचे, गोळ्यांची उष्णता असेल.

एका दुपारी त्यांच्यापुढं ताक ठेवताना मी विचारलं, "भावजी, झोप लागते का?"

"कुठली झोप! रात्री छातीत काही झालं तर उठवायचं कुणाला, हेच डोक्यात फिरतंय. आणि सकाळी उठून तरी करायचं काय? माझ्यावाचून सगळं चाललंय की."

मरणाची भीती वाटत असणार, हे मी धरूनच चालले होते. त्यांच्या शेवटच्या वाक्यातलं दुःख मात्र आमच्या घरात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

पूर्वी डॉक्टरसुद्धा असंच करत. झटका आलेल्या माणसाला कित्येक आठवडे अंथरुणावरून हलू देत नसत. 1952 मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनच्या सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या डॉक्टरांनी रुग्णांना लवकर उठवून खुर्चीत बसवल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. नुसतं खुर्चीत बसायला मिळालं तरी माणसाला उमेद येते, असं त्यांना दिसलं. आता तर घरी पाठवतानाच थोडं थोडं चालायला सांगतात. पण तो सल्ला आमच्या गावापर्यंत पोचतोच असं नाही. कागद इंग्रजीत, डॉक्टर कानडीत बोलणार, पेशंट मराठी. 'जीव कासावीस होतो', 'हुरहूर लागते' हे त्याने कसं सांगायचं? मग "छातीत दुखत नाही" एवढंच सांगून माणूस परत येतो.

आपल्या समाजात आणखी एक अडचण आहे. रुग्ण जरा कुरकुरला, की वडीलधारे म्हणतात, "आर्तध्यान करू नका, कर्म बांधलं जातं." हेतू चांगला. पण ऐकणाऱ्याला आपली भीतीच पाप वाटू लागते आणि तो तोंड मिटतो. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितलेत, त्यात वेदनेचा एक आहेच. ते कुणाकुणाला होतं हे सांगताना अविरत आणि देशविरत यांच्याबरोबर प्रमत्तसंयत मुनींचाही उल्लेख आहे. महाव्रतं घेतलेल्यालाही जे पुरतं सुटत नाही, ते कॉटवर पडलेल्या शेतकऱ्याने एका दमात सोडावं, असं कसं म्हणायचं? सामायिकाला बसावं, णमोकार म्हणावा, त्याने मन शांत होतंच. पण त्याआधी घरच्या माणसाने त्याचं ऐकून घ्यावं.

न बोलण्याचा परिणाम आम्ही पाहिला. भावजींना सूर्यास्तानंतर पाण्याचाही त्याग. रात्रीची गोळी घ्यावी तर नियम मोडतो, न घ्यावी तर जिवाला धोका. ते कधी घ्यायचे, कधी उशाखाली सारायचे. चादर झटकताना आक्कांना पाच-सहा गोळ्या सापडल्या. डॉक्टरांना हे सांगितल्यावर त्यांनी गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या. दोन मिनिटांत मिटलं. दोन महिने मात्र तो माणूस एकटाच त्या गोळ्यांशी आणि नियमाशी झगडत होता.

त्याच भेटीत काय काय काम झेपेल, तेही विचारून घेतलं. सकाळ-संध्याकाळ चालणं सुरू झालं आणि डेअरीचं पुस्तक भावजींकडे परत आलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तीन लिटर दुधाची चूक काढली आणि डेअरीवाल्याला फोन लावून चांगलं सुनावलं. आक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि तो आवाज ऐकत उभ्या राहिल्या.

झटक्यानंतर साधारण पाचातल्या एकाला चांगलंच नैराश्य येतं. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या 222 रुग्णांचा अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्य असलेल्यांमध्ये पहिल्या सहा महिन्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणजे हे नुसते मनाचे खेळ नव्हेत. डॉक्टर त्यासाठी दोन साधे प्रश्न विचारतात. गेल्या दोन आठवड्यांत उदास, हताश वाटलं का? आवडीच्या गोष्टीतही मन लागेनासं झालं का? हे आपणही घरी विचारू शकतो. उत्तर 'हो' आलं तर डॉक्टरांच्या कानावर घालावं. 2022 पासून सरकारची टेली-मानस सेवा आहे. 14416 वर फुकट बोलता येतं, मराठीत आणि कानडीतही.

बाईच्या बाबतीत मात्र सगळं उलटं असतं. तिच्या छातीत कळ आली तर आधी पित्त समजून लिंबू-सोडा. दवाखान्यातून परत आली, की पंधरा दिवसांत चुलीपुढं. तिला "नुसतं बसून राहा" म्हणणारं कुणी नसतं. आणि नवरा आजारी असला, तर रात्रभर त्याचा श्वास ऐकत जागणारी तीच असते. भावजींच्या झोपेची आम्ही सगळ्यांनी चौकशी केली. आक्कांना विचारलं तेव्हा त्या हसल्या, "मला काय झालंय?" म्हणाल्या, आणि मग बराच वेळ बोलत राहिल्या.