गाडी, ओढा आणि तीन हजार रुपये

एजंटचा मेसेज आला. "साहेब, १४ तारखेला पॉलिसी संपतेय. थर्ड पार्टी करू का फुल?" दरवर्षी हाच मेसेज येतो आणि दरवर्षी मी दोन दिवस कागद-पेन घेऊन बसतो. बायको म्हणते, एवढा विचार लग्नाच्या वेळी केला असतास तर! असो.

तर मंडळी, गाडी आहे २०१६ ची वॅगनआर, एक लिटरची. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा. माझ्या पावतीवर २०२२ साली ठरलेला दर आहे, २,०९४ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. अडीच हजारांच्या आत काम भागतं. पण त्यातून पैसे मिळतात ते आपण ज्याला धडकू त्याला. आपली गाडी पुरात गेली, गारांनी काच फुटली, वादळात बाभूळ कोसळली, तर आपल्याला छदाम नाही. त्यासाठी फुल. त्याचा आकडा आला ५,७००. विम्यातली गाडीची किंमत १ लाख ९० हजार. वरच्या तीन हजार दोनशेने त्या किमतीला भागलं की साधारण साठ वर्षं येतात. म्हणजे साठ वर्षांत एकदा गाडी पूर्ण गेली तरच फिटंफिट!

हाच भागाकार मी २०२० च्या उन्हाळ्यात दाजींना करून दाखवला होता.

दाजी म्हणजे आक्काचे मालक, राहणार निमगाव केतकी. आमच्या घरात हिशोबाचा माणूस मी, त्यामुळे दाजींनी विचारलं आणि मी ऐटीत सांगितलं, "दाजी, आपला भाग पर्जन्यछायेतला. इथं टँकर येतो, पूर कुठला येतोय? थर्ड पार्टी करा." वास्तविक आदल्याच वर्षी, सप्टेंबर २०१९ मध्ये, कऱ्हेला पूर येऊन बारामतीत नदीकाठची माणसं हलवावी लागली होती. मी स्वतः पुलाजवळ पाणी बघायला गेलो होतो. तरीही सांगितलं.

१४ ऑक्टोबर २०२० च्या रात्री इंदापूर तालुक्यात जो पाऊस पडला, त्यात ओढा दाजींच्या अंगणात आला. सकाळी गाडीत सीटपर्यंत पाणी आणि गाळ. नंतर ६२ हजार खर्च झाला... वायरिंग, सीट, डॅशबोर्डच्या आतलं सगळं. दाजी मला एका शब्दाने बोलले नाहीत. दिवाळीला गेलो तर आक्काने नेहमीसारख्या करंज्या बांधून दिल्या. मला मात्र त्या घशाखाली उतरेनात.

एक गोष्ट दाजींनी केली होती ती सांगायलाच हवी. त्यांनी चावी फिरवलीच नाही. ट्रॅक्टर लावून गाडी मेकॅनिककडे ओढत नेली. ओढ्यावरच्या डिझेल इंजिनाचा अनुभव! पाणी सिलिंडरमध्ये शिरलेलं असताना इंजिन फिरवलं तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन कामातून जातं. आणि गंमत म्हणजे हे नुकसान साध्या फुल विम्यातही सहसा बसत नाही. पूर बसतो, पण पुरानंतर आपण चावी मारून केलेली करामत बसत नाही. त्यासाठी इंजिनाचं वेगळं कव्हर लागतं, आणि माझ्या जुन्या गाडीला ते देत नाहीत म्हणे. शिवाय प्लास्टिक-रबराच्या भागांचे निम्मेच पैसे, धातूच्या भागांनाही वयाप्रमाणे कात्री, पहिले हजार आपलेच. ६२ हजारांच्या बिलावर दाजींना फार तर निम्मे मिळाले असते. हे सगळं मी कधी वाचलं? त्यांचं नुकसान झाल्यावर.

मग २५ मे २०२५ चा रविवार. आम्ही आक्काकडून बारामतीला परत निघालो होतो. मे महिन्यात असा पाऊस मी तरी पाहिला नव्हता. भवानीनगरच्या पुढे गाड्या थांबलेल्या. पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला होता आणि पाणी पालखी मार्गावर आलं होतं. पुढचा एकजण "जातंय की" म्हणत पाण्यात घालायला निघाला. मी गाडी वळवली आणि परत निमगाव गाठलं.

रात्री वीज नव्हती. मी दाजींना तोच हिशोब पुन्हा ऐकवला, यावेळी जरा खालच्या आवाजात. त्या वर्षीचं नूतनीकरणही तोंडावर आलेलं. त्यांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाव्हणं, गाडी आत्ता गेली तर दोन लाख बाजूला हायेत का?"

नव्हते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि पोराची फी भरायची होती. गाडीशिवाय आईला दर आठवड्याला व्यायामाला कसं नेणार, हाही प्रश्न होताच.

"मग साठ वर्षं कशापायी मोजताय?" दाजी म्हणाले आणि झोपायला गेले.

ज्याच्याकडे दुसरी गाडी घ्यायला पैसे बाजूला आहेत, गाडी चढावर किंवा पक्क्या शेडमध्ये उभी असते, त्याने खुशाल थर्ड पार्टी करावी. त्याला माझा भागाकार लागू पडतो. आमची सोसायटी कऱ्हेपासून हाकेच्या अंतरावर आहे आणि पार्किंग रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली.

एजंटला "फुल करा" म्हणून कळवलं. दाजींनाही फोन केला, तर त्यांची पॉलिसी मार्चमध्येच झाली होती, फुल. मला विचारलं नव्हतं.