दोन पावलं मागं

आमच्या घरी धाकट्या बहिणीच्या निकाहाचा एक फोटो आहे. रुखसतीची वेळ होती आणि वीज गेली होती. फोटोग्राफरनं समोरून फ्लॅश मारला. बहिणीचा चेहरा चुन्यासारखा पांढरा आला आणि तिच्या मागं उभी असलेली आमची अम्मा अंधारात विरून गेली. वर्षाच्या आतच अम्मा अल्लाला प्यारी झाली. त्या दिवसाचा तिचा दुसरा फोटो नाही. पुढं आम्ही स्वतःच लग्नाचे फोटो काढू लागलो. पण तो फोटो मनातून गेला नाही.

म्हणून मुलानं ८५ मिलिमीटरची, एफ १.८ ची लेन्स आणली तेव्हा आम्ही एवढंच विचारलं, "अंधारात काय करते ही?"

"जोतिबाला जाऊन बघू या अब्बा," तो म्हणाला.

लग्नानंतर नवरानवरीनं जोतिबाला जायचं, ही आमच्या कोल्हापूरकडची रीत. शेजारच्या घरातलं नवं जोडपं निघालंच होतं, सोबत नवऱ्याची आजी. "तुम्हीपण चला की भाऊ," म्हणाली. आम्ही बापलेक निघालो.

वाडी रत्नागिरीला पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता. सध्याचं मंदिर राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलं. सगळं काळ्या दगडाचं. आलेला उजेड तो दगड पिऊन टाकतो. शिवाय हवेत गुलाल. फ्लॅश मारला की त्याचा कण न् कण चमकतो आणि फोटोवर ठिपके पडतात. लेन्स आम्ही गाडीतच चढवली होती. गुलालात कॅमेरा उघडला, तर तो थेट सेन्सरवर जाऊन बसतो.

दर्शन झाल्यावर मंडळी बाहेर पायऱ्यांवर टेकली. दुकानांच्या दिव्यांचा पिवळा उजेड तेवढा येत होता. आमच्या जुन्या झूमपेक्षा, म्हणजे एफ ३.५ पेक्षा, ही लेन्स जवळपास चौपट उजेड आत घेते. जिथं सेकंदाच्या तिसाव्या भागात हात हलून फोटो बिघडायचा, तिथं सव्वाशेवा भाग पुरला. अशा लेन्सची ओढ जुनी आहे. व्हिएन्नातल्या पेट्झवाल नावाच्या गणितज्ञानं १८४० मध्ये माणसांच्या फोटोंसाठी जादा उजेड घेणारी लेन्स आखली, तेव्हा कुठं फोटोसाठी मिनिटं मिनिटं ताठ बसणं सुटलं.

मुलानं जवळून फोटो काढला आणि खुशीत दाखवला. नवरीच्या पापणीचा केस न् केस दिसत होता. मागचे दिवे वितळून सोन्याच्या नाण्यांसारखे झाले होते. पण नवरीचा हात धरून जरा मागं बसलेली आजी? तिचा नुसता धूसर डाग. आमच्या काळजात चर्र झालं. फ्लॅशनं अम्मा अंधारात घालवली होती, ही लेन्स आजीला उजेडातच पुसत होती.

हिशोब सोपा आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर दोन मीटरवरून एफ १.८ ला जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीतलंच स्पष्ट येतं. नवरीचा डोळा धरला की आजी सुटते. एफ २.८ केलं तर खोली नऊ सेंटिमीटरवर जाते, पण उजेड निम्म्याहून कमी होतो. मात्र अंतर दुप्पट केलं की खोली चौपट होते आणि उजेड तेवढाच राहतो. चार मीटरवर सुमारे चोवीस सेंटिमीटर मिळतात.

"दोन पावलं मागं सर," आम्ही मुलाला म्हणालो.

"चेहरा लहान येईल अब्बा."

"येऊ दे. आजी येईल."

तो सरकला. आम्ही आजीला जरा पुढं, नवरीच्या खांद्याला खांदा लावून बसवलं. ती कसल्याशा बोलण्यावर हसली आणि त्यानं बटण दाबलं. दोघींचे डोळे लख्ख आले. नवरा कडेला किंचित धूसर होता. त्याची कुणी तक्रार केली नाही.

आमच्या कोल्हापूरचे आबालाल रहिमान रंकाळ्याचा, कोटितीर्थाचा उजेड डोळ्यांनी टिपत आणि चित्रात उतरवत. त्यांची नजर आम्हांला कुठली? पण कुणाला धूसर होऊ द्यायचं नाही, एवढं तरी आमच्या हातात आहे.

तो फोटो आम्ही शेजारी नेऊन दिला. आजीनं पदरानं काच पुसली आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मीबी आले की रं ह्यात!"

घरी येऊन आम्ही बहिणीच्या निकाहाचा फोटो पुन्हा काढून पाहिला. अम्माच्या ओढणीची कड तेवढी दिसते.